भैरवी नसलेली यादी

वहिनींचं तेरावं होऊन आठवडा झाला असेल, त्यांच्या लेकीचा पुण्याहून फोन आला. "काका, बाबा काहीच लावत नाहीत हो घरात. टीव्ही नाही, रेडिओ नाही. नुसते झोपाळ्यावर बसून असतात. तुम्ही आईच्या नाटकांतली गाणी काढून द्या ना. त्यांना काय ऐकून बरं वाटेल ते तुम्हालाच माहीत."

मी म्हटलं, देतो की. त्यात काय एवढं!

आमच्या हौशी मंडळात माझा मित्र पायपेटीवर आणि मी तबल्यावर. वहिनी आधी आमच्या सौभद्रातली सुभद्रा झाल्या आणि मग त्याची बायको. बसवलेल्या नाटकांचे प्रयोग भावे नाट्यमंदिरात, मिरजेत, इस्लामपुरात, जिथं बोलावतील तिथं व्हायचे. चाळीसेक वर्षांत मी या माणसासमोर हजार वेळा तरी बसलो असेन. त्याला काय आवडतं हे मला माहीत नसेल तर कुणाला असणार? त्याच संध्याकाळी चहा पिता पिता बावीस पदांची यादी करून मोकळा झालो.

बायकोनं ती वाचली आणि म्हणाली, "ही शोकसभेची आहे का?"

तिचं खरं होतं. पहिलं होतं मत्स्यगंधामधलं 'देवाघरचे ज्ञात कुणाला'. त्याखाली त्याच नाटकातलं 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा'. मग हे बंध रेशमाचेमधलं 'काटा रुते कुणाला'. पदं एकाहून एक सरस, अभिषेकीबुवांच्या चाली म्हणजे काय सांगायचं! पण ज्याचं आयुष्य खरोखरच अर्थशून्य होऊन झोपाळ्यावर बसलंय त्याला तेच चालीत बांधून ऐकवायचं? दुःख झालेल्या माणसाला दुःखाचीच गाणी द्यायची, हे आपल्या डोक्यात कुठून बसलंय कोण जाणे.

खरं तर यात आमच्या सांगलीचाही थोडा दोष आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं, देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्व तिकडं नागठाण्याचे. या गावात कुणाच्याही दुखण्यावर पहिलं औषध नाटकाचंच सुचतं. भेटायला आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी तर माझ्यादेखत मित्राला ती गोष्ट सांगितली. १९११ साली मानापमानचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. गोष्ट खरी आहे, आम्ही सगळे ती ऐकतच मोठे झालो. मित्रानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांना प्रयोग होता. मला काय आहे?"

गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले.

तर यादी. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे गच्चीवर कानात इअरफोन घालून बसायला लागलो. एकेक पद त्याच्या कानांनी ऐकायचं, असं ठरवलं. हे बोलायला सोपं आहे. आमच्यासारखी माणसं नाट्यपद ऐकतात ती चालीसाठी, तानेसाठी, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशी गाठली त्यासाठी. शब्दांकडे लक्ष असतंच कुठं! मी तर वर्षानुवर्षं शब्द फक्त ठेक्याच्या खुणा म्हणून वापरलेत. आता पहिल्यांदाच अर्थ ऐकायला लागलो आणि हातापायातलं बळच गेलं.

मानापमानातलं 'नाही मी बोलत नाथा' घ्या. लाडिक रुसवा आहे, लोक त्यावर वन्समोअर घेतात. पण परवाच बायको गेलेल्या माणसाच्या घरात, रिकाम्या खोलीत, बाईच्या आवाजात हे वाजतंय अशी कल्पना करून बघा. मी घाईघाईनं काट मारली. स्वयंवरातलं 'नाथ हा माझा' गेलं. एकच प्यालातलं 'कशी या त्यजू पदाला' तर विचारही न करता गेलं, सिंधूचं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या नाटकाचं नशीबच तसलं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, रंगभूमीवर आलेलं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कट्यार काळजात घुसलीमधलं 'या भवनातील गीत पुराणे' माझ्या फार आवडीचं. पण या भवनातले जुने, मवाळ, हळवे सूर दूर जाऊ द्या म्हणे! वहिनींचा तंबोरा अजून त्या घराच्या कोपऱ्यात उभा होता, गवसणीतसुद्धा घातलेला नव्हता. काट.

मग वाटलं, हसवूया. देवल आहेतच. शारदेतलं 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' मी लिहून काढलं, आणि लिहिता लिहिताच पेन थांबलं. अडुसष्ट वर्षांच्या ताज्या विधुराला जरठ नवरदेवावरचं पद ऐकवणारा मित्र असला काय आणि नसला काय. त्यातून एका दूरच्या नातेवाइकानं "सोबत म्हणून कुणीतरी बघू" असं दहाव्यालाच, घाटावर, कावळा शिवायची वाट बघत असताना म्हटलं होतं. त्यांचं नाव सांगत नाही. कावळ्यानंसुद्धा त्यानंतर अर्धा तास लावला.

संशयकल्लोळवर माझी मोठी भिस्त होती. त्यातलं 'कर हा करी धरिला' ऐकताना मला दिसायला लागलं ते नाटक नव्हे. मिरजेच्या दवाखान्यातले शेवटचे चार दिवस, आणि हा कॉटच्या बाजूला स्टुलावर त्यांचा हात धरून बसलेला. सलाइन लावलेला हात नव्हे, दुसरा. काट मारली नाही. पण यादीतही ठेवलं नाही. पुढं प्रश्नचिन्ह करून ठेवलं.

बावीसची सात झाली. वाचलेल्यांत एक गोष्ट सारखी होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांत कुणी कुणाची समजूत घालत नव्हतं. 'चंद्रिका ही जणू' होतं, मास्टर दीनानाथांचं. त्यात सांत्वन वगैरे काही नाही, तान सुटते ती आतषबाजीसारखी, माणसाचं तोंड उघडं राहतं तेवढ्यापुरतं. रणदुंदुभीतलं 'जगी हा खास वेड्यांचा' होतं, तेही दीनानाथांचंच, त्याला एक तिरकसपणा आहे जो आमच्या मित्राच्या स्वभावात मुळातच आहे. 'घेई छंद मकरंद' होतं. कट्यारमध्ये त्याच्या दोन चाली आहेत, आणि दोन्हींत श्रेष्ठ कुठली यावर आम्ही दोघं तीस वर्षं भांडलोय. त्यामुळं दोन्ही घातल्या. भांडायला तरी तोंड उघडेल. जय जय गौरीशंकरमधलं 'नारायणा रमारमणा' घातलं आणि ययाति आणि देवयानीतलं 'सर्वात्मका सर्वेश्वरा'.

या शेवटच्यापाशी मी दोन दिवस अडलो. कुसुमाग्रजांचे शब्द, त्यात आपलं रडगाणं नाहीच, जगात जे जे जगतंय त्याला आपलं म्हणा अशी विनवणी. अशा वेळी याहून योग्य पद नाही. पण ते भैरवीत आहे. तबलजीला आणि पेटीवाल्याला भैरवी म्हणजे काय ते वेगळं सांगायला लागत नाही. भैरवी लागली की लोक चपला शोधायला लागतात, आपण हातोडी पिशवीत टाकतो, मागं कुणीतरी सतरंजी गुंडाळायला घेतं. संपलं. मला त्याला 'संपलं' म्हणायचं नव्हतं. शेवटी ठेवलं तर तो अर्थ होतो, गाळलं तर पद हातचं जातं. म्हणून मी ते चौथ्या नंबरवर, बरोब्बर मध्ये टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

लेकीनं छोटा ब्लूटूथ स्पीकर कुरिअरनं पाठवला होता. तो आणि माझ्या फोनमधली यादी घेऊन एका रविवारी गावभागात त्याच्या घरी गेलो. तो झोपाळ्यावर. मी जमिनीवर, सवयीनं. स्पीकर टीपॉयवर ठेवला. पहिलं पद संपलं, काही बोलला नाही. दुसरं सुरू होण्याआधी एक बाई अत्यंत उत्साहात प्लायवूडची जाहिरात करून गेल्या. तिसऱ्याच्या आधी कुठलंसं पोटाचं चूर्ण. मी "सॉरी, सॉरी" करत फोन दाबतोय. 'सर्वात्मका' मात्र विनाअडथळा झालं. त्यानं डोळे मिटले होते. मला वाटलं, जमलं.

आणि पद संपल्या संपल्या त्या फोननं माझी यादी सोडून दिली आणि आपल्या मनानंच पुढचं लावलं. "काटा रुते कुणाला, आक्रंदतात कोणी..."

जे मी बायकोच्या टोमण्यानंतर पहिल्या दिवशी काढलं होतं तेच. बटण सापडेपर्यंत दोन ओळी वाजून गेल्या. तो उठला, आत गेला. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला. मी तसाच बसून. बऱ्याच वेळानं तोंड पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "भैरवी मध्येच लावलीस. त्याच्यापुढं कोण काय ऐकणार?"

रागावला नव्हता. चूक दाखवत होता. तालमीत दाखवायचा तशी.

घरी येऊन शेजारच्या मुलाकडून सातही गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, जाहिरात नाही, आगाऊपणा नाही. भैरवी काढून टाकली. पण ती पोचवायला पुन्हा जावंसं वाटेना. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. पंधरा दिवस पेन ड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होती, एकदा धुण्यातसुद्धा गेली.

मधल्या काळात मी एक केलं, सौभद्र पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. यादीत मी सौभद्र मुद्दाम घेतलंच नव्हतं, ते वहिनींचं म्हणून. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं नाटक, आमच्या घरात ते माझी आजी ताक घुसळताना म्हणायची. त्यात साक्या आहेत, दिंड्या आहेत, घरातल्या बाईला कामाच्या नादात म्हणता येईल अशा चाली. पुढच्या काळातली रागदारी, ताना, ते सगळं भव्य आहे, पण त्यासमोर आपण प्रेक्षक होऊन बसतो. साकीसमोर प्रेक्षक होता येत नाही, तोंडातल्या तोंडात म्हणायलाच लागतो माणूस. आणि सुभद्रा कितीही रडली तरी ऐकणाऱ्याला पक्कं माहीत असतं की कृष्णानं सगळं जमवून ठेवलंय, तो मागं उभा राहून गालात हसतोय. तिथलं रडणं रडून घ्यायला सोपं. हे मला गच्चीवर कळलं, पण म्हणून ते मित्राला द्यायचं धाडस झालं नाही ते नाहीच.

मग त्याचाच फोन आला. गुरुवार होता. "मोकळा आहेस? तबला घेऊन ये."

गेलो तर त्यानं पायपेटी भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये घेतली होती. तिच्यावर वहिनींच्या जुन्या इरकलीचा अभ्रा असायचा, तो नीट घडी करून खुर्चीवर. खालची फळी काढून भाता उघडा केलेला. या पेटीनं २०१९ चा पूर खाल्लाय. पाणी चढायला लागलं तसं आम्ही चौघांनी ती उचलून कॉटवर ठेवली होती, तरी दमटपणा शिरलाच. तेव्हापासून भाता जिथं चिकटवलाय तिथं वारा सुटतो, आणि पाय मारला की सुरांच्या खाली एक बारीक सुस्कारा ऐकू येतो. "मिरजेला न्यायला पाहिजे," असं वहिनी दर दिवाळीला म्हणायच्या. त्यानं सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि कातड्याचा तुकडा घेऊन स्वतःच ठिगळ लावलं होतं. हात काळे झालेले. डांबरगोळ्यांचा वास सुटला होता.

"ही बघ," म्हणाला, आणि एक वही पुढं केली.

दोनशे पानी, शाळेची, पुठ्ठा सुटलेला. वहिनींची पदांची वही. ती मी पूर्वी लांबून पाहिली होती, हातात कधी घेतली नव्हती. पानांच्या कडांना हळदीची बोटं. सांगलीच्या बाईची वही, दुसरं काय असणार? फोडणी टाकता टाकता पाठांतर व्हायचं. प्रत्येक ओळीत लाल पेन्सिलीनं उभ्या रेघा मारलेल्या, श्वास कुठं घ्यायचा त्याच्या. तो पान उलटत उलटत 'वद जाऊ कुणाला शरण' वर आला.

आता या पदाची एक जुनी कटकट आहे. "करील जो हरण संकटाचे" या ओळीत वहिनी 'करील जो' म्हणून श्वास घ्यायच्या. अर्थाचा तुकडा पडतो, आणि समेच्या आधी अर्धी मात्रा अख्खं गाणं लटकतं. पेटी थांबायची, मी थांबायचो. त्यानं त्यांना शंभर वेळा सांगितलं असेल. परीक्षकांनीही एकदा लिहून दिलं होतं. त्या "हो हो" म्हणायच्या आणि प्रयोगात नेमका तिथंच श्वास घ्यायच्या.

वहीत त्या जागी लाल रेघ होती. तिच्यावर निळ्या शाईत, त्याच्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं, 'इथं श्वास घेऊ नये.' आणि त्याच्या खाली, शिसपेन्सिलीनं, वहिनींच्या बारीक अक्षरात, 'मग काय जीव सोडू?'

मी ते वाचलं आणि वर बघायचं धाडस होईना. मला वाटलं, आता हा कोसळणार. पण तो हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, तालमीत कुणी फजिती केली की हसायचा तसा, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायची त्याला गरज वाटत नव्हती. "हे मला कधी दिसलंच नाही," म्हणाला. "चाळीस वर्षं वही घरात. माझं मी लिहिलं आणि पान उलटलं."

मग पेटीवर बसला. पट्टी वहिनींची धरली, स्वतःची नाही. मी डग्गा पुढं ओढला, तबला नीट लावलेलाही नव्हता, एवढ्या दिवसांत उतरला होता. त्यानं पाय मारला. ठिगळ धरलं होतं, सुस्कारा कमी झाला होता, गेला नव्हता.

शब्द कुणीच म्हटले नाहीत. पेटीवर नुसती चाल. मी ठेका धरला. 'वद जाऊ कुणाला शरण' झालं. पुढची ओळ आली. 'करील जो' पर्यंत त्याची बोटं गेली आणि पट्ट्यांवरून उचलली गेली. माझाही हात हवेतच राहिला. मी काही ठरवलं नव्हतं, त्यानंही खूण केली नव्हती. खोलीत तेवढा पेटीचा वारा ऐकू आला. अर्धी मात्रा. मग तो 'हरण' वर आला आणि मी सम दिली.

तीनदा वाजवलं ते. तिन्ही वेळा तिथं थांबलो. त्यानंतर त्यानं दुसरं पान काढलं, मग तिसरं. साक्या, दिंड्या, वहीत होतं त्या क्रमानं. मध्ये शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून पाहिलं आणि न बोलता चहाचे दोन कप उंबऱ्यावर ठेवून गेल्या. ते तिथंच गार झाले. सात वाजून गेले असतील. दिवे लागायची वेळ झाली तसं त्यानं उठून देवापुढं दिवा लावला, तेराव्यानंतर त्याचा त्यानं पहिल्यांदाच असावा, कारण वातीचा डबा कुठं असतो ते त्याला शोधायला लागलं.

खिशातली पेन ड्राइव्ह काढून मी टीपॉयवर ठेवली. "यात काय आहे?" म्हणाला. सांगितलं. "घेई छंद कुठल्या चालीतलं?" "दोन्ही." "एक उगाच घातलंयस," म्हणाला. कुठलं ते मी विचारलं नाही, तीस वर्षं माहीत आहे.

मी हातोडी पिशवीत टाकली, मग आठवण होऊन विचारलं, "भैरवी राहिली की रे."

तो पेटीवर इरकलीचा अभ्रा चढवत होता. एक टोक माझ्याकडं दिलं, दुसरं स्वतः ओढलं.

"ती कशाला?" म्हणाला. "पुढच्या गुरुवारी ये. आणि तबला चढवून आण, फार उतरलाय."